गल्लीतले सगळे दिवे आमच्याकडे बघतात

महिन्यापूर्वी मला कुणी विचारलं असतं, की ‘काय रे, गावभरचे रस्त्यावरचे दिवे बदलायला कितीशी अक्कल लागते?’, तर मी छाती पुढे काढून म्हणालो असतो, ‘माझ्याएवढी असली की झालं!’ आज विचाराल तरी उत्तर तेच आहे. छाती तेवढी आत गेलीय.

मी महापालिकेच्या दिवाबत्ती विभागात तात्पुरता अभियंता आहे. तात्पुरता म्हणजे काय, तर माझी खुर्ची तात्पुरती, माझं टेबल तात्पुरतं, आणि टेबलाच्या चौथ्या पायाच्या जागी एक वीट आहे, ती मात्र कायम. त्या विटेकडे बघून मी रोज उसासा टाकायचो. ती माझ्यानंतर लागलेली!

तर आमच्या विभागानं ठरवलं, की रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे काढायचे आणि एलईडी लावायचे. जुना दिवा वीज खायचा हत्तीसारखी आणि उजेड द्यायचा काविळीच्या पेशंटनं हसून दाखवल्यासारखा. एलईडीचं उलट. खाणं चिमणीचं, उजेड दुपारचा! शिवाय या नव्या दिव्याला मान होती. म्हणजे खांबाला जिथे तो बसतो तिथे एक सांधा असतो, बोल्ट ढिला केला की दिव्याचं तोंड हवं तिकडे वळवता येतं. या मानेचं मी तेव्हा फार कौतुक केलं होतं. ते शब्द आता परत घेता आले तर बघतोय.

आमच्या साहेबांना सगळे मागून फ्यूज साहेब म्हणतात. कारण? उडायला त्यांना कारण लागत नाही. त्यांनी मला बोलावलं.

“एक गल्ली निवडा. एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालवून दाखवा. महिन्यात एकही तक्रार आली नाही, तर योजना गावभर. आणि तुम्ही कायम!”

“आणि आली तर, साहेब?”

साहेबांनी दाराकडे बघितलं. मीही दाराकडे बघितलं. दार छान होतं. बाहेरच्या बाजूला उघडणारं.

मग त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर ‘तक्रारी’ असं लिहून पुढे एक मोठाच्या मोठा भोपळा काढला. शाळेत सगळी वर्षं भोपळा मिळू नये म्हणून मी रक्ताचं पाणी केलं. आता आयुष्य त्याच भोपळ्यावर अवलंबून होतं!

“कोणती गल्ली घेता?” साहेबांनी विचारलं.

“आमचीच!” मी म्हणालो. घरचीच माणसं. लहानपणापासून ओळखतात. ती कशाला तक्रार करतील?

माझा हा प्रश्न तुम्ही नीट लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

आमची गल्ली एका टोकाला बंद आहे. त्या बंद टोकाला, जरा चढावर, सगळ्या गल्लीकडे तोंड करून आमचं घर बसलंय, वर्गात मास्तर बसतात तसं. घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण. बाबा नुकतेच निवृत्त झालेत. ऑफिसात त्यांच्या हाताखाली सतरा माणसं होती, आता फक्त एक कॅलेंडर आहे. रोज एक पान फाडायचं असतं ना, तसलं. झोपेतून उठले, की दात घासायच्याही आधी बाबा ते पान टर्रकन फाडणार. हे खातं त्यांचं. एकदा बहिणीनं चुकून फाडलं, तर बाबांनी ते पान डिंकानं परत चिकटवलं आणि मग स्वतः फाडलं.

एक तारखेच्या संध्याकाळी दिवे लागले. अकरा खांब, अकरा दिवे! गल्ली नुसती लखलखली! आईनं सगळ्यांना आधीच घराबाहेर काढून उभं केलं होतं. टाळ्या पडल्या. एका कुत्र्याला जन्मात पहिल्यांदा स्वतःची सावली नीट दिसली, ते तिच्यावर भुंकत गल्लीबाहेर गेलं, ते अजून आलेलं नाही.

“आमच्या ह्यानं लावले!” आई एकेकाला दंड धरून सांगत होती. “एक तारखेला कायम होणार तो! पुढच्या!”

“दादा,” बहीण माझ्या कानात म्हणाली, “आपला नळाचा पाइप किती गंजलाय रे! कधी दिसलंच नव्हतं.”

इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात ब्रश घालून उभा, तर दारात दातांचे डॉक्टर! दुसऱ्या खांबासमोर यांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर राहतात. डोळे तांबारलेले.

“अरे, मी लोकांच्या तोंडात उजेड पाडतो, तू माझ्या तोंडावर पाडलास!” ते म्हणाले. “सरळ बेडरूममध्ये येतो तुझा दिवा! रात्रभर डोक्यावर उशी घेऊन झोपलो. बायकोनं दोनदा उशी उचलून बघितलं, आहे का गेला!”

“सॉरी, डॉक्टर...”

“तू नको सॉरी म्हणू. तुझा काय दोष? मी सरळ ऑफिसलाच फोन लावतो. नंबर खांबावर चिकटवलेला आहेच.”

माझ्या डोळ्यांसमोर भोपळा तरळला. मी ब्रशसकट त्यांचे दोन्ही हात धरले.

“डॉक्टर! फोन कशाला? मी आहे ना! काय असेल ते मला सांगा. घरी या. कधीही या!”

कधीही या! माणसानं बोलताना तोंडात ब्रश ठेवावा, पण मेंदूही डोक्यातच ठेवावा.

संध्याकाळी मी आमच्या वायरमनला घेऊन आलो. त्याला सगळे बगळा म्हणतात. उंच, सडपातळ, आणि शिडीवर एक पाय वर घेऊन तासन्‌तास उभा राहू शकतो. प्रश्न विचारत नाही. ‘वळव’ म्हटलं की वळवतो. त्यानं बोल्ट ढिला केला, दिव्याची मान जरा डावीकडे वळवली. डॉक्टरांची खिडकी अंधारली. मी हात झटकले.

डावीकडे शिंपीमामांचं दुकान आहे.

“तुझ्या दिव्यानं माझा धंदा बसवलास!” दुसऱ्या दिवशी मामा आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. बाबांनी मुकाट्यानं पोळीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. “काल संध्याकाळी गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. इतकी वर्षं त्या पिवळ्या दिव्याखाली तसला कोट काळा दिसायचा. काल निळा निघाला! गिऱ्हाईक भांडून गेलं!”

“पण मामा, तो मुळात कोणत्या रंगाचा होता?”

“मुळात जांभळा!”

बगळ्यानं दिवा उजवीकडे वळवला. उजवीकडे हेडमास्तर राहतात. निवृत्त आहेत, पण गुण देणं सुटलेलं नाही.

“प्रकाश उत्तम. दिशा नापास,” ते दारातूनच म्हणाले. “काल जेवल्यावर मी घरात जरा... पाय मोकळे करत होतो.”

“चालत होता, सर?”

“नाचत होतो. माझ्या घरात मी नाचेन! पण माझी सावली समोरच्या भिंतीवर तीन मजली उंच नाचत होती! खाली माझे जुने विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकानं तर पुन्हा एकदा म्हणून ओरड केली!”

“मग, सर?”

“मग काय, पुन्हा एकदा नाचलो. पण ते तत्त्वाला धरून नव्हतं. वळव दिवा.”

कोपऱ्यावरच्या मावशींच्या कोंबड्याचं प्रकरण वेगळंच. “बाळा, रात्रीची जेवणं झाली की तो आरवायला लागतो रे! त्याला वाटतं उजाडलं. आरवून आरवून घसा बसला त्याचा. खरी पहाट होते तेव्हा नुसता खोकतो!” मी स्वतः पहाटे कान देऊन ऐकलं. खरंच खोकत होता. अगदी एखाद्या म्हाताऱ्या गवयासारखा, सन्मानानं.

बगळा दिवे वळवत राहिला. डॉक्टरांच्या खिडकीतून काढलेला उजेड मामांकडे, मामांचा सरांकडे, सरांचा मावशींकडे, मावशींचा पुन्हा डॉक्टरांकडे. आठवड्याभरात गल्लीतला प्रत्येक दिवा प्रत्येक घरी जेवून आला. आणि मग दुसरी फेरी सुरू झाली!

“माझ्या फाटकाशी मिट्ट काळोख केलायस!” डॉक्टर पुन्हा दारात. “काल एक पेशंट पायरीवरून पडला! दोन दात पडले त्याचे!”

“म्हणजे तुमच्यासाठी बरंच झालं की, काका,” बहीण पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

“तेवढं सोड,” डॉक्टर जरा खाली आवाजात म्हणाले, “पण फाटकाशी उजेड हवा आणि खिडकीत नको. सोपं आहे.”

सोपं! त्यांचं फाटक आणि त्यांची खिडकी एकाच भिंतीत, एकावर एक! प्रत्येकाचं हेच. सगळ्यांना उजेड दारात हवा, खिडकीत नको, अंगणात हवा, अंगावर नको, आणि शेजाऱ्याच्या दारात आपल्याहून जास्त तर मुळीच नको. आणि एवढं बोलून झालं की जाता जाता प्रत्येक जण प्रेमानं म्हणायचा, “नाहीतर राहू दे रे, मी ऑफिसला फोन करतो.”

ऑफिसचा तक्रारीचा फोन संध्याकाळनंतर माझ्याच मोबाइलवर यायचा, अशी व्यवस्था होती. एकदा तो वाजला तेव्हा मी टेबलाखाली गेलो. चुकीचा नंबर होता. कुणाला तरी गादीवाला हवा होता.

त्या टेबलाखालीच मला ती कल्पना सुचली.

गल्लीत असं एक तरी घर हवं, की जिथून तक्रार येणारच नाही! मग सगळे दिवे त्या घराकडे वळवले, की भानगड मिटली. आणि असं घर होतं! आमचं!

“आई,” मी विचारलं, “एखादा दिवा आपल्याकडे वळवला तर चालेल?”

“एखादा?” आई म्हणाली. “अरे, तुझे दिवे आहेत ते! सगळे वळव!”

आईचं मी सहसा ऐकत नाही. तेवढं ऐकलं.

डॉक्टरांचा दिवा आला. मामांचा आला. सर म्हणाले, “हाही ने.” मावशींनी तर कोंबड्याला हातात धरून दिव्याला निरोप द्यायला लावलं. पंधरवडा उलटेपर्यंत अकराच्या अकरा दिव्यांनी माना वळवून आमच्या घराकडे तोंडं केली. मांडवात नवरीकडे बघावं तसे सगळे टक लावून आमच्याकडे!

“साहेब,” शेवटचा दिवा वळवताना बगळा शिडीवरून म्हणाला. तो कधी बोलत नाही, त्यामुळे मी दचकलो. “मला तुमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय इथून.”

“काय तारीख आहे?” मी गमतीत विचारलं.

त्यानं सांगितली. चुकीची सांगितली, एक दिवस पुढची. मी म्हटलं, असेल, लांबून नीट दिसत नसेल.

पहिल्या संध्याकाळी आईला भरून आलं. “बघा हो, घर कसं राजवाड्यासारखं दिसतंय!” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “राजवाड्यात लोक झोपतात कधी?” तिसऱ्या दिवशी तिनं पडद्यांवर चादरी लावल्या, चादरींवर सतरंज्या, आणि सतरंज्यांवर माझी शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं. कुठल्या तरी फटीतून उजेड यायचाच. आमच्या घराला इतक्या फटी आहेत, हे मला माहीत नव्हतं. आता मी त्या पाठ म्हणून दाखवू शकतो.

गल्लीतलं झाडून सगळं पाखरू, डास आणि किडा आमच्याकडे राहायला आला. बहीण म्हणाली, तिला दुधात पोहणारे तीन नवे प्रकार ओळखता येतात. लांबून बघणाऱ्याला आमचं घर घर वाटेना. एक जण हाताला रुमाल गुंडाळून आला आणि म्हणाला, टाके घालायचेत. दुसरा सूटकेस घेऊन आला, ओट्यावर बसला आणि विचारता झाला, “गाडी वेळेवर आहे ना?” बाबा म्हणाले, “थोडी उशिरा आहे.” तो तासभर बसला. बाबांना सोबत झाली.

बाबांची तर झोपेची घडीच विस्कटली. आधी त्यांनी गॉगल लावून झोपून बघितलं. मग कपाटात. मग उशी घेऊन बाथरूममध्ये, कारण तिथे खिडकी नाही. काही रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागायचाच नाही. आणि काही दिवस असे, की दुपारी लवंडले, संध्याकाळी दिवे लागताच ‘उजाडलं!’ म्हणून ताडकन उठले आणि दात घासायला गेले. दिवसातून दोनदा दात घासणारा माणूस बघून डॉक्टर भारावून गेले.

बहिणीच्या वाढदिवसाला बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “शहाणी हो.”

“बाबा, वाढदिवस उद्या आहे.”

“आजच आहे. कॅलेंडर बघ.”

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे, वय झालंय. शुभेच्छा घेऊन ठेव.

पण खरा काळजीचा विषय आई होती. ती काही बोलायची नाही. नुसती काळवंडत चालली होती, एवढ्या उजेडात! चहात मीठ घालायची. दाराला ‘आले रे’ म्हणायची आणि फोनला ‘या, बसा’. एकदा मी घरी आलो तर ती इस्त्री फिरवत होती. इस्त्री गार होती आणि खाली कपडा नव्हता.

“आई, दोन दिवे वळवू का परत? डॉक्टर काय करतील फार तर...”

“खबरदार!” ती म्हणाली. “फोन करतील ते! एक तारखेपर्यंत ना? एक तारखेला तू कायम. तोवर माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. एक तारीख उजाडली, की मग बघते मी त्या दिव्यांकडे.”

मला गहिवरून आलं. वाटलं, आई असावी तर अशी. सहनशील आणि तारखेची पक्की.

इकडे ऑफिसात फळ्यावरचा भोपळा जसाच्या तसा होता. फ्यूज साहेब रोज त्याच्यावरची धूळ फुंकायचे. महिनाअखेरच्या संध्याकाळी ते म्हणाले, “मोठ्या मॅडम स्वतः गल्ली बघायला येतायत. पाहणी झाली की तिथल्या तिथे तुमचं पत्र!” मोठ्या मॅडम म्हणजे अख्ख्या महापालिकेच्या प्रमुख. सही त्यांची.

मी म्हटलं, “या साहेब, उजेडच उजेड आहे!”

खोटं नव्हतं. होताच. फक्त एका जागी.

मॅडमची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मॅडम उतरल्या. साहेब उतरले. आणि दोघंही थबकले. गल्लीत काळोख होता. अगदीच नाही म्हणायला दर घराच्या दारावर एकेक जुना, टपोरा, पिवळा बल्ब लागलेला, कारण लोकांना आपापल्या पायऱ्या दिसायला हव्या होत्या. ज्या काविळीतून मी गल्लीला सोडवलं, ती लोकांनी घरच्या मीटरवर परत आणली होती. आणि गल्लीच्या टोकाला, चढावर, एक घर आगीच्या लोळासारखं पेटलेलं!

“ते काय आहे?” मॅडमनी डोळ्यांवर हात धरला. “सिनेमाचं शूटिंग?”

“घर आहे, मॅडम,” मी म्हणालो.

“कुणाचं?”

मी खाली बघितलं. खाली काहीच दिसत नव्हतं, अंधार होता.

“साहेबांचं!” बगळा मागून कौतुकानं म्हणाला. महिन्यातून दोनदाच बोलतो तो. दोन्ही वेळा मी दचकतो.

फ्यूज साहेबांचा आधी एक कान लाल झाला, मग दुसरा, आणि मग ते उडाले. “सरकारी दिवे! अकराच्या अकरा! स्वतःच्या घरावर! अहो, लोक ऑफिसातून पेन्सिल नेतात, टाचण्या नेतात! तुम्ही अख्ख्या गल्लीचा उजेड घरी नेलात?”

“नेला नाही, साहेब! लोकांनी आणून दिला!”

आरडाओरडा ऐकून गल्ली बाहेर आली. मॅडम शांत होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “तुमची या दिव्यांबद्दल काही तक्रार?”

“छे!” डॉक्टर म्हणाले. “इतका चांगला दिवा मी बघितला नाही. दिसतच नाही!”

“काळा कोट पुन्हा काळा झाला,” मामा म्हणाले.

“सर्व विषयांत उत्तीर्ण,” सर म्हणाले.

मावशींनी कोंबडा पुढे केला. तो गप्प होता. गुबगुबीत झाला होता. मॅडमनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

“वीज किती वाचली?” चढ चढून आमच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं.

“अर्ध्याहून जास्त, मॅडम,” मी म्हणालो. मागे पिवळे बल्ब गुणगुणत होते. मी जरा मोठ्यानं बोललो.

“हे बघा,” मॅडम साहेबांना म्हणाल्या, “पद्धत मला मुळीच पटलेली नाही. पण अट तुम्हीच घातलीत. एकही तक्रार नको. आणि आली का एखादी?”

“नाही,” साहेब दात चावत म्हणाले.

“मग आजचा दिवस संपेपर्यंत आली नाही, तर उद्या पत्र द्या यांना. दिवे सरळ करून घ्या आणि...”

माझा मोबाइल वाजला.

संध्याकाळ होऊन गेली होती. म्हणजे ही तक्रारीची लाइन. मी कट करायला बोट उचललं.

“उचला ना,” मॅडम म्हणाल्या. “स्पीकरवर घ्या. नागरिकांशी कसं बोलता ते बघू.”

मी मनात म्हटलं, गादीवाला हवा असेल. देवा, गादीवालाच हवा असू दे!

“नमस्कार. दिवाबत्ती विभाग. बोला.”

“मला तक्रार नोंदवायचीय!” पलीकडून खणखणीत आवाज आला. तो आवाज मी जन्मापासून ओळखतो.

माझ्या पायाखालची गल्ली सरकली. नियमानं विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. साहेब बघत होते. मॅडम बघत होत्या. मी विचारत गेलो.

“आपलं नाव?”

“नाव काय विचारतोस? आई!”

मॅडमनी भुवया उंचावल्या.

“पत्ता?”

“खिडकीतून दिसतोयस तू मला, फाटकाशी घोळका करून उभा आहेस. त्याच्यासमोरचं घर. चुकायला नको, अख्ख्या गल्लीत दुसरं दिसतच नाहीये!”

“तक्रारीचं... स्वरूप?”

“झोप! पंधरा दिवस मी झोपले नाहीये! तुझे बाबा न्हाणीघरात राहतात! दुधात पाखरं पोहतायत! आणि आत्ता फाटकाशी हे कोण आणखी आलेत? त्यांना सांग, इथे टाके घालत नाहीत आणि गाडी इथून सुटत नाही!”

“आई,” मी कुजबुजलो, “तू म्हणाली होतीस ना, एक तारखेपर्यंत बोलणार नाहीस?”

“मग? नाहीच बोलले! दातावर दात ठेवून बसले! आज झाली एक तारीख! कॅलेंडरवर ठसठशीत एक आहे! झालास ना कायम?”

आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. बाबा! उठले की पान फाडणारे बाबा! ज्या रात्री झोपच नाही, त्या सकाळी उठणं नाही, म्हणून पान नाही. ज्या दिवशी दोनदा उठणं, त्या दिवशी पानं दोन. पंधरा दिवस त्यांचं कॅलेंडर मागेपुढे झोके खात होतं. आणि महिन्याच्या शेवटी जगापेक्षा फक्त एका दिवसानं पुढे निघालं होतं. फक्त एका! दोन दिवस पुढे असतं तर फोन काल आला असता आणि मी आज निदान मॅडमसमोर तरी उभा नसतो. एक दिवस मागे असतं, तर मी उद्या कायम असतो.

“नोंद घेतली आहे,” मी म्हणालो. “आपल्या तक्रारीबद्दल धन्यवाद.”

“जेवायला ये लवकर,” आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

कोंबडा एकदा खोकला.

“काय उजेड पाडलात हो!” फ्यूज साहेब म्हणाले. पण यावेळी ते उडाले नाहीत. आवाजात जवळजवळ माया होती. तेच मला जास्त लागलं.

मॅडमनी निकाल दिला. दिवे आत्ताच्या आत्ता सरळ रस्त्याकडे वळवायचे. महिना उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. गल्ली हीच, अट तीच, माणूसही हाच. जाता जाता त्यांनी मला विचारलं, “आईंना नेहमीच असं स्पष्ट बोलायची सवय आहे?”

“नाही, मॅडम. पंधरा दिवस गप्प होत्या.”

बगळ्यानं अकरा दिव्यांच्या माना सरळ केल्या. आमचं घर एकदम विझलं. जेवताना कुणाला कुणाचं तोंड दिसेना, इतकी डोळ्यांना सवय झालेली. मी आईला काही सांगितलं नाही. ती हात धुतल्याबरोबर जाऊन आडवी झाली.

सकाळी ती उठली तेव्हा चहात साखर होती. चेहरा असा टवटवीत, की मला बघवेना.

“काय झोप लागली रे!” ती म्हणाली. “बरं झालं ना, एक तारीख बघूनच फोन केला? पत्र कधी देतायत?”

मग मी सांगितलं. काल महिनाअखेर होती. एक तारीख आज आहे. तिनं कॅलेंडरकडे बघितलं. तिथे दोन होती. तिनं बाबांकडे बघितलं. बाबांनी हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

आई मटकन खुर्चीत बसली. “म्हणजे माझ्या फोननं...”

“तसं काही नाही, आई.”

“म्हणजे पुन्हा एक महिना?”

“पुन्हा एक महिना.”

एवढ्यात दारावर थाप पडली. फटीतून डॉक्टरांचे तांबारलेले डोळे दिसत होते. त्यांच्यामागे शिंपीमामा. त्यांच्यामागे सर. आणि कोपऱ्यावरून, ऐन सकाळी साडेआठला, कोंबड्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

आईनं पदरानं डोळे पुसले, उठली, आतल्या खोलीतलं अंथरूण झटकलं आणि म्हणाली,

“अहो, जरा पडा बघू इथे.”

“आत्ता? आत्ताच तर उठलो,” बाबा म्हणाले.

“पुन्हा पडा. डोळे मिटा. मिटले? आता उठा.”

बाबा उठले. सवयीनं कॅलेंडरपाशी गेले आणि त्यांनी टर्रकन पान फाडलं.

“पुन्हा पडा,” आई म्हणाली.

डॉक्टरांना चहा देऊन, मामांची समजूत घालून आणि सरांचा दिवा जरासा डावीकडे वळवतो असं कबूल करून मी जेवायला बसलो, तेव्हा आमच्या घरात एकवीस तारीख होती. बाबा दमून गेले होते, पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान होतं.

“बघ,” आई माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, “थोडेच दिवस राहिले.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? त्या दिव्यांसारखीच माझीही मान आता वळवाल तिकडे वळते.